हॅरी वॉशिंग्टन कोणाच्या बाजूने होता?

एक जानेवारीला आम्ही विक्रोळीहून चाळीसेक जण कोरेगावला जाऊन आलो. दरवर्षी जातो. माझी भाची यंदा पहिल्यांदाच सोबत आली. एफवायबीएला आहे, इतिहास तिचा आवडीचा विषय. विजयस्तंभासमोर काढलेला फोटो तिने स्टेटसला ठेवला आणि दोन दिवसांनी कॉलेज सुरू झालं.

वर्गात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवायला घेतलं होतं. वसाहतींमधले काही लोक इंग्लंडच्या राजालाच धरून राहिले, त्यांना 'राजनिष्ठ' म्हणत, असं सर सांगत होते. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्याकडे पण आहेत ना तसले. एक तारखेला जातात ते." वर्ग हसला. सरही किंचित हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या मुलाचा मला फार राग आला नाही. तो जे घरी ऐकतो तेच बोलला. पुढच्या मुद्द्याकडे वळलेल्या सरांचा मात्र आला.

संध्याकाळी भाची आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "मामा, एक विचारू? आपण इंग्रजांच्या बाजूने होतो हे खरंच आहे ना?"

मी कॉलेजात असताना हाच टोमणा कॅन्टीनमध्ये ऐकला होता. तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, "हो, होतो! आणि पेशवाई गाडली!" त्यानंतर काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पुढची पस्तीस वर्षं विहारात, सभांत, नाक्यावर मी तेच उत्तर देत आलो. त्या दिवशी भाचीसमोर ते उत्तर तोंडातून बाहेर येईना. ती टाळ्या मागत नव्हती. तिला खरं काय ते हवं होतं. शिवाय पुढच्याच आठवड्यात तिला ह्याच विषयावर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. मी म्हटलं, "चल, आधी अमेरिकेचंच बघू. कोण कोणाच्या बाजूने होतं ते तिथूनच कळेल."

मग आठवडाभर आम्ही दोघं विहाराच्या कपाटातली पुस्तकं आणि तिच्या मोबाइलवर मिळेल ते घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा नाही.

बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तो चहा होता कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तरी कंपनीची सारावसुली थांबली नव्हती. आणि एवढं ओरबाडूनही कंपनी कर्जात बुडाली होती. तिच्या गोदामात पडून असलेला चहा खपावा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने चहाचा कायदा केला. त्याने अमेरिकेत चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. भांडण भावाचं नव्हतंच. ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही तिने आमच्यावर कर का बसवावा, हे भांडण होतं. १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून ते धुमसत होतं. फ्रान्सशी झालेल्या युद्धाने इंग्लंडवर कर्जाचा डोंगर चढला होता आणि तो वसाहतींच्या खिशातून उतरवायचा होता.

इथे मी भाचीला थांबवलं. म्हटलं, ही कंपनी लक्षात ठेव. बोस्टनचा चहा बुडून जेमतेम वर्ष झालं होतं. डिसेंबर १७७४ संपता संपता ह्याच कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला जिंकला आणि साष्टी बेट घेतलं. आपली विक्रोळी त्याच साष्टीत. १७३७ पर्यंत इथे पोर्तुगीज, मग पेशवे, मग कंपनी. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती इथे कायमची बसली. तिकडे अमेरिकेतली लढाई आणि इकडे इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध एकाच साली, १७७५ ला सुरू झालं. एकाच साम्राज्याची ही दोन टोकं. साष्टीवर तीन झेंडे आले. तिन्ही झेंड्यांखाली गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेरच राहिली, ह्याची नोंद मात्र कुठल्याच तहात नाही.

कर आणि प्रतिनिधित्व ही दोन कारणं सरांनी वर्गात सांगितली होती. ती खरीच आहेत. जे सांगितलं नाही ते असं. १७६३ साली इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढला की अ‍ॅपलाचियन डोंगराच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये, ती जमीन मूळ रहिवाशांची. राजाला आदिवासींचा कळवळा होता म्हणून नव्हे. सीमेवरच्या लढायांचा खर्च त्याला नको होता. पण तिकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले बडे लोक त्याने चिडले. त्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन होता. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. तिच्या अगदी शेवटच्या कलमात त्याच मूळ रहिवाशांना निर्दय रानटी ठरवलं आहे. आणि त्याच कागदाच्या सुरुवातीला सगळी माणसं समान जन्मतात असं म्हटलं आहे. तो लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेवर गुलाम होते. गुलामांच्या व्यापारासाठी राजाला दोष देणारा एक परिच्छेद त्याने मसुद्यात घातला होता. काँग्रेसने तो काढून टाकला. (ह्या काँग्रेसचा आपल्या काँग्रेसशी संबंध नाही, पण परिच्छेद गाळण्याची सवय ओळखीची वाटते.)

बोस्टनमध्ये ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्यांतला पहिला समजला जातो तो क्रिस्पस अ‍ॅटक्स, आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा मिश्र रक्ताचा खलाशी. म्हणजे स्वातंत्र्यासाठी पहिला मेला तो तळातला माणूस. पुढे अमेरिकेच्या बाजूने हजारो काळे लोक लढलेही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर आपणही सरांसारखे पुढच्या मुद्द्याकडे वळलेलो असू.

पण मोठा लोंढा गेला तो दुसऱ्या बाजूला. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर ह्याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन राजासाठी शस्त्र धरतील ते मोकळे. काही आठवड्यांत शेकडो माणसं जीव मुठीत धरून पळाली. डनमोर काही बुद्ध नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते, आणि राजाशी इमान राखणाऱ्या मालकांच्या गुलामांना ह्या जाहीरनाम्याचा काही उपयोग नव्हता. त्याला फक्त शत्रूचं घर पोखरायचं होतं. पळून आलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच्या छावणीत देवीच्या साथीने मेले.

पळालेल्यांत एक होता हॅरी. आफ्रिकेतून धरून आणलेला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या मालकीचा, आणि म्हणून आडनाव वॉशिंग्टन. मालक स्वातंत्र्याचं सैन्य चालवत होता आणि १७७६ साली त्याचा गुलाम इंग्रजांकडे पळून गेला.

भाचीने मोबाइल खाली ठेवला. "मग हा गद्दार का?"

मी म्हटलं, "तूच सांग."

लढाई इंग्रज हरले. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरणागती झाली. शरण आला तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, म्हणजे तिथे हरलेला साहेब इथे राज्य करायला. १७८३ मध्ये इंग्रज न्यू यॉर्क सोडून निघाले तेव्हा वॉशिंग्टनने इंग्रज सेनापती कार्लटन ह्याची गाठ घेतली. त्याच्या मागण्यांत एक ठळक मागणी होती, आमचे गुलाम परत द्या. स्वातंत्र्य मिळालं होतं, तह झाला होता, आणि नव्या राष्ट्राचा नायक आपली मालमत्ता मागत होता. कार्लटन म्हणाला, ज्यांना वचन दिलं त्यांना परत करणार नाही. सुमारे तीन हजार काळ्या बायका-पुरुष-मुलांची नावं एका वहीत लिहून त्यांना जहाजांनी नोव्हा स्कोशियाला नेलं. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टनचं नाव आहे.

हॅरीची गोष्ट इथेच संपली असती तर कॅन्टीनमधलं माझं उत्तर बरोबर ठरलं असतं. नोव्हा स्कोशियाच्या थंडीत जमिनीचं वचन नीट पाळलं गेलं नाही. जमीन मिळाली ती उशिरा, थोडी आणि खडकाळ. कंटाळून १७९२ मध्ये सुमारे बाराशे जण आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, हॅरीही गेला. तिथे राज्य होतं एका इंग्रज कंपनीचं. तिने ह्या लोकांच्या जमिनीवर सारा बसवला, आणि कारभारात त्यांचा शब्द चालू दिला नाही. १८०० मध्ये त्यांनी बंड केलं. बंडवाल्यांत हॅरी होता. लष्करी चौकशी होऊन त्याला वसाहतीबाहेर हाकललं. जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये वारला होता. त्याला वर्ष व्हायच्या आत त्याचा जुना गुलाम इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, तेही त्याच कारणासाठी: आमचा शब्द नाही तिथे आमच्यावर कर का?

आता परत कोरेगावला या. १ जानेवारी १८१८. स्तंभावरच्या नावांत 'नाक' शेवट असलेली बावीस नावं आहेत. ज्या राज्यात सावलीचाही विटाळ होता त्या राज्याविरुद्ध ते लढले. त्यांना पगार, वर्दी, बंदूक आणि रांगेत उभं राहायला जागा कंपनीने दिली. एवढं आपण दरवर्षी सांगतो आणि सांगायलाच हवं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते उगाच नाही. पण पुढचं पान आपण वाचत नाही, आणि हे मी विरोधकांना नाही, आपल्याच लोकांना म्हणतोय. १८९०-९५ च्या दरम्यान त्याच इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या खांद्यावर बसून मुलूख घेतला त्यांनाच सांगितलं, तुम्ही लढाऊ नाही! गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त लष्करी माणूस. त्यांना आपल्या लोकांसाठी अर्ज लिहावा लागला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाला इंग्रजांच्या कृतज्ञतेची किंमत पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

म्हणून तर १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्या तोंडावर हिशेब मांडला. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हतं, आता आहे का? देवळात प्रवेश नव्हता, आता आहे? पोलिसात, लष्करात घेत नव्हते, आता घेता का? दीडशे वर्षांत काय बदललं? आणि लगेच सांगितलं की हे नोकरशाहीचं राज्य जाऊन लोकांचं राज्य आलं पाहिजे, आमचीही मागणी तीच आहे. ज्या माणसाला आयुष्यभर 'इंग्रजांचा हस्तक' म्हणून हिणवलं त्याचं हे भाषण कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? त्यांनी पुढची अट घातली एवढंच. सत्ता येईल ती कोणाच्या हातात येईल, ते आधी ठरवा.

ही अट का घातली, ते फिलाडेल्फियात कळतं. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेचं पहिलं सरकार अगदीच लुळं होतं. त्याला कर बसवता येत नव्हता, फौजेचे पगार देता येत नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली तेव्हा पैसेवाले घाबरले. मे १७८७ पासून चार महिने पंचावन्न गोरे पुरुष दारं-खिडक्या बंद करून बसले आणि नवी राज्यघटना घेऊन बाहेर आले. अध्यक्ष, दोन सभागृहं, सर्वोच्च न्यायालय, एकमेकांवर अंकुश. रचना कुशल होती, आणि मी हे टिंगलीने म्हणत नाही. पण खोलीत गुलामांचा माणूस नव्हता, मूळ रहिवाशांचा नव्हता, बाई नव्हती. लोकसंख्येप्रमाणे जागा वाटायची वेळ आली तेव्हा दक्षिणेतले मालक म्हणाले, आमचे गुलामही मोजा. म्हणजे विकताना गुलाम ही वस्तू आणि जागा वाढवताना माणूस! तोड निघाली: पाच गुलामांची तीन माणसं धरा. गुलामाला मत नाहीच. त्याच्या डोक्यामागे त्याच्या मालकाच्या राज्याला जादा जागा.

इथे मला १९४६ आठवल्याशिवाय राहत नाही. पुणे कराराने आपल्याला राखीव जागा मिळाल्या, पण संयुक्त मतदारसंघात. प्राथमिक फेरीत आपल्या लोकांनी पुढे केलेला उमेदवार अंतिम फेरीत इतरांच्या मतांनी पाडला जातो आणि त्यांच्या पसंतीचा निवडून येतो, ही बाबासाहेबांची तक्रार होती. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा धुव्वा उडाला. त्या निकालाकडे बोट दाखवून कॅबिनेट मिशनने सत्तांतराच्या योजनेत आपल्याला वेगळं मोजलंच नाही. पाचाचे तीन आणि राखीव जागा ह्या दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. राखीव जागेवर आपला माणूस तरी बसतो. पण डोकी एकाची आणि आवाज दुसऱ्याचा, ही तऱ्हा मात्र ओळखीची आहे. म्हणूनच जुलै १९४६ मध्ये आपले लोक पुण्यात सत्याग्रह करून हजारोंनी तुरुंगात गेले. स्वातंत्र्याला एक वर्ष उरलं असताना हे तुरुंगात होते ते स्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून नव्हे. सत्ता देताना आमच्याशीही बोला, एवढ्यासाठी.

आणि दार उघडलं ते बंगालातून. मुंबईतून घटना समितीत जायचा रस्ता बंद होता, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आपल्या लोकांनी बाबासाहेबांना निवडून पाठवलं. फाळणीने ती जागाही गेली. मग जुलै १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून निवड झाली, ह्या वेळी काँग्रेसच्या संमतीने. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. फिलाडेल्फियाच्या बंद खोलीत हॅरी वॉशिंग्टनला बसवून लेखणी त्याच्या हातात दिली असती तर काय झालं असतं, ह्याची कल्पना करा. दिल्लीत काहीसं तसं घडलं.

फरक कागदावर दिसतो. अमेरिकेच्या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. पाचाचे तीन करताना 'इतर व्यक्ती' म्हटलंय. पळालेला गुलाम परत करायच्या कलमात कामाला बांधलेली व्यक्ती म्हटलंय. लाज वाटत होती म्हणून नाव घेतलं नाही, आणि नाव न घेता सगळं चालू ठेवलं. आपल्या घटनेच्या सतराव्या कलमात अस्पृश्यता हा शब्द सरळ लिहिलाय आणि ती नष्ट केली आहे असं लिहिलंय. भाचीला मी ही दोन्ही कलमं शेजारी-शेजारी वाचायला लावली. ती म्हणाली, "त्यांनी लपवला, आपण लिहिला." प्रेझेंटेशनच्या एका स्लाइडवर तिने एवढंच ठेवलं.

बाबासाहेबांनी अमेरिका आतून पाहिली होती. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. त्याच १९१३ मध्ये विल्सनच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्या कारकुनांची ताटातूट सुरू केली होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली तेव्हा तिथे काळे लोक मतं देत होते, काँग्रेसमध्ये बसत होते. जोतीरावांचा आनंद खराच होता. पण १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतून फौज काढून घेतली आणि पुढच्या काही वर्षांत मतं, जागा, सगळं हिरावलं गेलं. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मत खऱ्या अर्थाने परत मिळालं १९६५ च्या कायद्याने. जे दिलं ते काढूनही घेता येतं, हे बाबासाहेबांना तिथेच कळलं असणार असं माझं मत आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डु बॉईस ह्यांना पत्र लिहिलं, तुमच्या आणि आमच्या परिस्थितीत फार साम्य आहे म्हणून.

मार्च १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' ह्या मसुद्यात त्यांनी देशाला नाव दिलं होतं 'संयुक्त संस्थाने भारताची', थेट अमेरिकेच्या धाटणीचं. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेपासून आपण कुठे वेगळे झालो ते सविस्तर सांगितलं. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, एक देशाचं आणि एक राज्याचं. त्यामुळे राज्याला आपल्या नागरिकांना झुकतं माप देता येतं. आपल्याकडे नागरिकत्व एकच. अध्यक्षीय पद्धत टिकाऊपणा जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. आपण जबाबदारी घेतली. केंद्र मजबूत हवं हे ते १९४६ पासून सांगत होते. आज काही पुरोगामी मित्र ह्यावर नाक मुरडतात. राज्यांच्या हक्कांच्या नावाखाली दक्षिणेत माणसं झाडाला टांगली जात होती हे ज्याने जवळून वाचलं, तो गावाला आणि प्रांताला मोकळं रान देईल कसा?

आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं शेवटचं मोठं भाषण. घटना दुरुस्त करता येते त्याबद्दल बोलताना तिथे त्यांनी जेफरसनचा दाखला दिला: एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. गुलाम बाळगणाऱ्याचंही चांगलं वाक्य ते घेतात, ही त्यांची दानत. त्याच भाषणात अमेरिकेतल्या एका चर्चचा किस्सा आहे. प्रार्थनेत 'राष्ट्र' शब्द घालायचं ठरलं, तर लोकांनी हरकत घेतली, कारण आपण एक राष्ट्र आहोत असं त्यांनाच वाटत नव्हतं. शेवटी शब्द बदलला. बाबासाहेब म्हणाले, त्यांची ही गत, तर हजारो जातींत फुटलेले आपण राष्ट्र कसे? जाती राष्ट्रविरोधी आहेत. भाचीच्या वर्गात त्या दिवशी देशद्रोहाचं माप काढलं गेलं. हे माप कोणी काढलं असतं तर बरं झालं असतं.

आता विक्रोळीचं एक सांगायचं राहिलं. १९५१ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर निशाणी, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही मत टाकता यावं. त्यासाठी लोखंडी मतपेट्या लाखोंनी लागणार होत्या. त्यातल्या बारा लाखांहून अधिक आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात, काही महिन्यांत तयार झाल्या. फिलाडेल्फियाच्या घटनेनंतर काळ्या माणसाला कागदावर मत मिळायला त्र्याऐंशी वर्षं लागली, बायकांना एकशे तेहतीस. इथे दोन वर्षांच्या आत महाराची, मांगाची, भिल्लाची, बाईची आणि पुरुषाची पेटी एकच. त्याच निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघात घटनेचा शिल्पकार १४,५६१ मतांनी पडला. निवडून आलेले काजरोळकर आपल्यातलेच, काँग्रेसच्या तिकिटावरचे. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे १९४६ च झालं परत."

मी नाही म्हणालो नाही.

प्रेझेंटेशन सोमवारी झालं. तिने कोरेगावचं नाव पहिली पंधरा मिनिटं घेतलंच नाही, नुसती हॅरीची गोष्ट सांगितली. पळाला तिथपर्यंत वर्गाला तो पटला. जहाजात बसला तिथपर्यंतही पटला. मग तिने स्लाइड बदलली आणि १८१८, १८९३, १९३० ही तीनच सालं दाखवली. मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर करून विचारलं, "सिएरा लिओनमध्ये त्याला जमीन मिळाली का शेवटी?" तिला नीट सांगता आलं नाही. हा प्रश्न चांगला होता, असं ती घरी येऊन म्हणाली. सरांनी शेवटी "छान" म्हटलं आणि तास संपला.

गेल्या रविवारी विहारात मतदार नोंदणीचं टेबल लावलं होतं. इमारती पाडून नव्याने बांधायचं काम चाललंय, लोक भाड्याने इकडे-तिकडे पांगलेत, आणि यादीत शोधायला गेलं की निम्म्यांची नावं जुन्याच पत्त्यावर निघतात, काहींची निघतच नाहीत. आम्ही आठ नंबरचे फॉर्म भरून घेत होतो. भाची दुपारी आली. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली. सहा नंबरचा फॉर्म घेतला, आधारचं झेरॉक्स आणि फोटो जोडला, आणि मग उठली नाही. संध्याकाळपर्यंत इतरांचे फॉर्म लिहीत बसली. एका आजींना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. भाचीने विचारलं, "आजी, बाबासाहेब गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" आजी म्हणाल्या, "कडेवर होते. आई सांगायची, दादरला नेलं होतं." त्यावरून तिने साल काढलं. अजून तिसऱ्या गल्लीतली अकरा घरं राहिलीत. ती पुढच्या रविवारी.